भाकरीचा ओटा माझा नव्हे

एखादं काम आपण केलं हे सिद्ध करायला कष्ट पडतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते आपण केलेलं नाही हे सिद्ध करायला त्याच्या तिप्पट पडतात, हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं. त्यातून ते काम चांगलं असेल, आणि गावानं पंधरा वर्षं त्याबद्दल आपल्याला रामराम घातलेला असेल, तर माणूस पार थकतो. मी अजून थकलेलाच आहे. हे लिहितोय तेही दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून, आणि बायको म्हणाली की आता एवढं पराक्रमाचं काम केलंच आहे तर लिहूनही टाका, म्हणून.

हिंगोलीत माझं प्लायवूडचं दुकान आहे. प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या, कड्या, स्क्रू. पाटीच्या पहिल्या ओळीत हेच होतं. दुसऱ्या ओळीत, जरा मोठ्या अक्षरांत, 'इंटिरियर डिझायनर'. आता खरं सांगायचं तर मला पट्टीशिवाय सरळ रेघ येत नाही, आणि पट्टीनं ओढली तरी ती शेवटाला जरा खाली बसते. पण आमच्याकडे एक समजूत आहे, की ज्याच्या दुकानात प्लायवूड आहे त्याला कपाट कुठं असावं हे कळतं. लोक तसं धरून चालले. मीही त्यांच्या मागून चाललो.

मला ओळखतात ते मात्र भाकरीच्या ओट्यासाठी. नव्या घरांत उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आला, त्यावर काळी फरशी आली, शेजारी टाइल्स आल्या, आणि बायकांचे खांदे धरू लागले. पोळी त्या उंचीवर लाटता येते. ज्वारीची भाकरी थापायची तर हाताचं वजन वरून पडावं लागतं, आणि ओटा छातीशी आला की वजन पडणार कुठून? म्हणून या ओट्याचा एका टोकाचा, परात मावेल एवढा तुकडा सहा इंच खाली उतरवलेला. तिथं थापायची, उजवीकडे तव्यावर टाकायची. एवढंच. पण हे एवढंच कुणाला सुचलं नव्हतं. कळमनुरी, सेनगाव, पार पैनगंगेपलीकडे रिसोडपर्यंत लोकांनी तो उचलला. 'काकांचा ओटा' असं त्याला नाव पडलं. मी विनयानं मान खाली घालायचो. मान खाली घातली की लोकांना चेहरा दिसत नाही, हा विनयाचा मोठा फायदा.

तो ओटा माझ्या पुतणीनं काढला होता.

पुतणी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. भावाची नोकरी बदलीची, म्हणून ती शाळेपासून आमच्याकडेच राहिली. औरंगाबादला जाऊन इंटिरियरचा डिप्लोमा करून आली आणि लग्न होईपर्यंत दोन वर्षं माझ्या दुकानात बसली. नंतर नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. तिथं पुन्हा शिकली, परीक्षा दिली, एका राज्यात तिची रीतसर नोंदणी झाली. आम्ही सगळ्यांना सांगत होतो, आमची पोरगी तिकडं डिझायनर आहे. कुणी विचारायचं, "तुमच्याच हाताखाली शिकली ना?" मी पुन्हा मान खाली घालायचो.

एका सकाळी तिचा फोन आला. मी अंघोळीचं पाणी काढत होतो.

"काका, परमिटचं एक काम आहे," ती म्हणाली.

परमिट म्हटलं की आमच्याकडे तीन गोष्टी आठवतात: ट्रक, रिक्षा, आणि लोक जिथं बसतात ती खोली. मी जरा जपूनच विचारलं, "कशाचं गं?"

तिनं सांगितलं. तिच्या कचेरीला शेजारच्या राज्यात एक काम मिळालं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमाचं: त्यांच्या खोल्या, जेवणघर, आणि ज्यांना अजून हातानं करावंसं वाटतं त्यांच्यासाठी लहान लहान स्वयंपाकघरं. काम तिच्या हाती दिलेलं. पण त्या राज्यात बाहेरच्या राज्याच्या डिझायनरला नकाशावर सही करता येत नाही. एका कामापुरतं तात्पुरतं परमिट काढावं लागतं.

"अगं, पण शेजारचंच राज्य ना?"

"शेजारचंच. गाडीनं दोन तास."

"आपला मिस्तरी पैनगंगा ओलांडून रिसोडला कपाटं बसवायला जायचा. तवा पूल त्याला परमिट मागायचा का?"

"इथला पूल मागतो, काका."

परमिटासाठी तिच्या राज्याचा कागद तिच्याकडे होता. पण अनुभवात तिनं हिंगोलीची दोन वर्षंही लिहिली होती, आणि ती वर्षं धरली तरच हिशेब पुरा होत होता. त्यांचा पुरावा हवा. जिथं काम केलं तिथल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, ज्यांच्या घरी केलं त्यांची दोन-तीन पत्रं, आणि जमलं तर तिच्या सहीचा एखादा जुना नकाशा. मुदत एक महिना.

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर नकाशे मीच काढीन. सही तिथली एक बाई करील. चांगली आहे बाई. पण काका, मला पुन्हा ती चौकट रिकामी सोडायची न्हाई."

बादली भरून पाणी वाहत होतं. नळ बंद करायचं मला सुचलं नाही.

ती चौकट म्हणजे नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातली. त्यात 'डिझाइन' असं लिहिलेलं असतं आणि पुढं करणाऱ्याची सही. कळमनुरीच्या एका डॉक्टरांच्या घराचं तिचं पहिलं काम. नकाशा तिनं काढला आणि त्या चौकटीत स्वतःची सही केली, शाळेतल्या पोरीसारखी, खाली दोन टिंबं देऊन. मी तो बघितला आणि म्हणालो, "दुसरा काढ. पोरीचं नाव असं चार लोकांच्या घरात फिरवू नये. उद्या स्थळं येतील, कुणी काही बोललं तर?" हे कारण मला तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. तिनं दुसरा कागद घेतला, सगळा नकाशा पुन्हा काढला आणि चौकट रिकामी ठेवली. मी तिथं सही केली, दुकानाचा शिक्का मारला. पुढची दोन वर्षं ती चौकट रिकामीच सोडत गेली. मी भरत गेलो. एकदाही ती काही बोलली नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचं काही म्हणणं नसतं, असं धरून चालायची आमच्या घरात जुनी सवय आहे.

तर मी एसटीनं कळमनुरीला गेलो. डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी होती. मला बघून त्यांनी आत घेतलं. मी सांगितलं, असं असं आहे, तुमच्या घराचं डिझाइन पुतणीनं केलं होतं, तेवढं दोन ओळींत लिहून द्या.

डॉक्टर हसले. "काका, तुमीच केलं की हो. सही तुमची आहे, माझ्याकडं कागद आहे."

"सही माझी. डोकं तिचं."

"हाच तर तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा न्हाई हो डॉक्टरसाहेब, खरं आहे."

त्यांनी दार जरा लोटून घेतलं आणि आवाज उतरवला. "लेकरासाठी करून राहिलात, समजतं मला. मलाही मुली आहेत. पण माझ्या लेटरहेडवर मी खोटं लिहीत न्हाई. आजवर कुणाला खोटं मेडिकल सर्टिफिकेट दिलं न्हाई, तुमाला कसं देऊ?"

त्यांनी मग आपणहून एक पत्र लिहून दिलं. त्यात माझी कल्पकता, माझी साधी राहणी, आणि या मागास भागात मी आणलेली नवी दृष्टी, असं सगळं होतं. मी ते नको म्हणायला हवं होतं. मी ते घडी करून खिशात ठेवलं. परतीच्या एसटीत दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा सावकाश.

घरी आल्यावर बायकोनं ते वाचलं. तिनं कागद माझ्या हातात परत दिला. "छान आहे. फ्रेम करा."

"आता त्यांनाच पटत न्हाई तर मी काय करू?"

"तुमी पुरुषांकडं काहून गेलात? भाकरी ते थापतात का?"

हे मला सुचलं नव्हतं. मला न सुचलेल्या गोष्टींची यादी आता लांबत चालली होती. मग ती म्हणाली, "सगळ्यात पहिलं माप माझ्या खांद्याचं घेतलं होतं तिनं. आपल्या घरात. तुमी म्हणालात, घर भाड्याचं आहे, फोडाफोडी नको." यावर मी जेवायला बसलो. उत्तर नसलं की मी जेवायला बसतो. म्हणूनच असा दिसतो.

दुसऱ्या दिवशी पुसेगावला गेलो. तिथलं घर तांड्यावरून गावात येऊन राहिलेल्या एका कुटुंबाचं. मालक शेतावर गेलेला. घरची बाई दारातच भेटली. मी पुतणीचं नाव काढलं आणि पुढचं वाक्य जुळवत होतो, तोवर तीच म्हणाली, "पोरगी कशी आहे? लेकरंबाळं झाली का?"

"एक मुलगी आहे. तिच्या कामाचंच विचारायला आलो. तुमच्या घराचं हे डिझाइन…"

"तिनं केलं. दुसरं कोण करणार?"

मी पायरीवरच बसलो. "तुमाला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक न्हाई तर कुणाला? दोन दिस आली ती. पहिल्या दिशी काई मोजलं न्हाई, नुसती बसून बघून राहिली, मी कशी थापते, कुठं वाकते. दुसऱ्या दिशी टेप काढला. तुमी ओसरीत बसला व्हता. शेंगा खाऊन राहिला व्हता. मीच दिल्या व्हत्या भाजून."

"व्हय," मी म्हणालो. शेंगा मला आठवल्या. चांगल्या होत्या.

तिनं मला आत नेलं. ओट्याच्या टोकाचा तो उतरता तुकडा. तिनं त्यावरची परात उचलली आणि दोन्ही हातांनी फरशी हलवली. फरशी हलली.

"अवो, हे सुटलं की!"

"सुटलं कशाला? बसवलंच न्हाई ते. खाली विटा ठेवल्यात नुसत्या. तुमची पोरगी म्हणली, मावशी, उद्या सून तुमच्यापेक्षा उंच आली तर? म्हणून मोकळं ठेवलं. सून आली, चांगली ताडासारखी आली. एक वीट वाढवली. तकलीफ न्हाई काई."

मी वाकून बघितलं. खरंच विटांची थप्पी. गेली पंधरा वर्षं मी ठिकठिकाणी काकांचा ओटा बसवत होतो आणि प्रत्येक फरशी सिमेंटनं पक्की करत होतो. वर मालकाला ठोकून दाखवत होतो की बघा, हलणार नाही. माझ्या नावावर प्रसिद्ध असलेल्या ओट्यातली खरी गोष्ट मला त्या दिवशी कळली. किती घरांतल्या सुना सासूच्या उंचीवर वाकून भाकरी थापत असतील, याचा मी परतीच्या वाटेवर अंदाज घ्यायला लागलो आणि मग सोडून दिला.

"लिहून देऊ? सही येती मला, बराबर येती," ती म्हणाली. सुनेकडून वही मागवून तिनं स्वतः लिहिलं. पाच ओळी. त्यात मी नव्हतोच.

तिसऱ्या दिवशी पुन्हा कळमनुरी. या वेळी दवाखान्यात नाही, मागच्या घरी. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि पेन शोधायला लागल्या. तेवढ्यात डॉक्टर जेवायला आले.

"काका, पुन्हा तेच?" ते म्हणाले.

"अहो, तिनंच केलं," बाई म्हणाल्या. "मला विचारून विचारून केलं. माझ्या आईला गुडघे धरतात म्हणून बाथरूमात कठडा तिनंच लावायला लावला."

डॉक्टर बाईंकडे वळले. "मग मला काहून न्हाई सांगितलं इतकी वर्षं?"

"तुमी काहून न्हाई विचारलं?"

डॉक्टर जेवायला बसले. मला ते एकदम जवळचे वाटले. जेवण झाल्यावर त्यांनी न सांगता लेटरहेड मागवलं, बाईंनी सांगितलं तसं लिहिलं आणि खाली बाईंची सही घेतली. पहिलं पत्र परत द्या म्हणाले. मी देतो म्हणालो. अजून दिलेलं नाही.

पत्रं दोन झाली. जुना नकाशा राहिला होता. तो असण्याची शक्यता नव्हती. तिच्या सहीचा एकच होता आणि तो मी बाद केला होता. तरी मी मिस्तरीकडे गेलो. हा आमचा सुतार, तेव्हाची सगळी कामं त्यानंच केलेली. आता त्याचे डोळे अधू झालेत. रंधा धरत नाही, मुलाच्या कामावर नुसता बसून असतो.

मी विचारलं, "मिस्तरी, डॉक्टरच्या घराचा जुना कागद असेल का कुठं?"

"कोणता? तुमचा का ताईचा?"

तो उठला, हत्याराच्या पेटीच्या तळातून एक गुंडाळी काढली. कागद पिवळा पडलेला, कडांना फेविकॉलचे डाग, मध्ये त्याच्या पेन्सिलीनं केलेल्या खुणा. खालच्या कोपऱ्यात तिची सही. खाली दोन टिंबं.

"हा मी फेकून दिला होता," मी म्हणालो.

"तुमी फेकला, मी उचलला. काम याच्यावर केलं म्या. दोन्ही कागद सारखेच व्हते, पण ताईच्या हातचा हा पहिला. तुमचा सहीवाला साहेबाला दाखवायचा, आन् हा कामाचा."

"मला सांगायचं तरी."

"तुमाला काय सांगायचं? तुमाला ठाऊकच व्हतं की."

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. तसं बोलला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. त्यानं कागद पुन्हा गुंडाळला आणि सुतळी बांधून माझ्या हातात दिला.

प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्या वकिलांनी मला दोनदा विचारलं. "काका, नीट विचार केलात ना? लोक न केलेलं केलं म्हणून लिहून घेतात माझ्याकडून. तुमी उलटं लिहून देऊन राहिलात. उद्या कुणी म्हणेल, यानं इतकी वर्षं फसवलं."

"म्हणू द्या."

"'सदर नकाशांवर मी केवळ सही केली, रचना माझी नाही.' असंच लिहू?"

"असंच लिहा. आणि फरशी सिमेंटनं पक्की करणं ही माझी चूक, हेही."

"ते लागत न्हाई."

सगळे कागद मी फोटो काढून पाठवले, मग कुरिअरनंही. पुतणीचं उत्तर आलं, मिळाले. बाकी काही नाही. त्या जुन्या कागदाचा फोटो तिनं बघितला असेल, हे मला ठाऊक होतं. मी वाट बघत राहिलो. दोन दिवसांनी फोन आला, तोही बायकोच्या फोनवर. बराच वेळ दोघी बोलत होत्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे धरून बसलो होतो. शेवटी फोन माझ्याकडे आला.

"काका, मिस्तरीकाकांना माझा नमस्कार सांगा."

"सांगतो."

"आणि तुमी एवढं फिरलात. गुडघा दुखत असेल."

"दुखतो," मी म्हणालो. मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. ते मी पंधरा वर्षं उशिरा आणलं होतं, आणि आता ते तोंडात मावत नव्हतं. "तो पहिला कागद… चांगला होता गं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि हसली. मग म्हणाली, "मुलीला शाळेतून आणायला जायचंय."

मुदतीच्या चार दिवस आधी परमिट आलं. तिनं फोटो पाठवला. एका कामापुरतं, एका वर्षापुरतं, पण नाव तिचं, सही तिची. टिंबं आता देत नाही ती. बायकोनं फोटो मोठा करून बघितला, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तिला एका वर्षाचं मिळालं. तुमाला पंधरा वर्षांचं मिळालं होतं. विनाकागद."

त्या आठवड्यात मी पेंटरला बोलावून पाटीवरची दुसरी ओळ पुसून घेतली. त्यानं विचारलं, तिथं आता काय लिहू? मी म्हणालो, काही नको. त्याला ते पटलं नाही. एवढी जागा मोकळी कुणी ठेवतं का, म्हणाला. मग त्यानं आपणहून एक फुलाची वेल काढली. ती खूप वाईट आहे. राहू दिली आहे.

परवा सेनगावकडचा एक जण आला. नवं घर बांधत होता. "काका, तुमचा तो भाकरीचा ओटा पायजे."

"माझा न्हाई तो. पुतणीचा आहे. ती अमेरिकेत असते."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. "ऐकलंय तुमी असंच सांगता म्हणून. मोठ्या माणसाचं असंच असतं."

मी हात टेकले. टेप खिशात घातला, त्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो, सेनगावपर्यंत हाडं खिळखिळी करून घेतली. घरासमोर उतरल्यावर तो मला थेट स्वयंपाकघराकडं नेऊन माप सांगायला लागला, तेहतीस इंच, इथून इथवर.

"थांबा," मी म्हणालो. "घरात भाकरी कोण थापतं? आधी त्यांना बोलवा. आणि मला बसायला काहीतरी द्या. आज मी नुसता बघणार आहे."